बर्फावरची चाकोरी

आम्हां दक्षिणी माणसांनी बर्फ पाहिले ते बहुधा लाकडाच्या भुशात गुंडाळून आलेले. त्यामुळे बर्फावरील शर्यत ही कल्पनाच आपणांस परकी वाटते. तथापि ज्या बाईंची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, तिच्यात एक प्रश्न असा आहे की, तो आमच्या माजघरांत नित्य निघतो. मूल झाल्यावर बाईने आपल्या अंगच्या गुणाचे काय करावे, हा तो प्रश्न होय.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. पायांस लांब, अरुंद अशा दोन पट्ट्या बांधावयाच्या, हाती दोन काठ्या घ्यावयाच्या आणि डोंगर-उतार, माळ, अरण्य ओलांडीत कोसचे कोस धावावयाचे. या पट्ट्यांना स्की म्हणतात. जुन्या पद्धतीत बर्फात दोन समांतर खोबणी पाडलेल्या असतात. आपल्याकडील गाडीवाटेच्या चाकोरीसारख्याच त्या दिसतात व पाय त्यांतूनच सरकवावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत पट्ट्या तिरप्या रेटून मोकळ्या बर्फावर धावतात. चढावर पाय मागे घसरू नये म्हणून पट्टीच्या मध्यभागी चिकट मेण लावितात. बर्फ किती थंड व किती जुने हे पाहून ते निवडावे लागते, आणि निवड चुकली तर पायांतील बळ फुकट जाते.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये ही शर्यत पुरुषांसाठी १९२४ पासून आहे. स्त्रियांना तेथे प्रवेश मिळाला तो १९५२ साली ऑस्लो येथे, आणि तोही अवघ्या १० किलोमीटरांपुरता!

मारित ब्यॉर्गेन यांचा जन्म २१ मार्च १९८० चा. नॉर्वेतील त्रोन्हाइम शहराच्या दक्षिणेस रोग्नेस म्हणून एक खेडे आहे, तेथे त्या वाढल्या. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये सांघिक शर्यतीत त्यांना रौप्यपदक मिळाले. पुढच्याच वर्षी त्या जागतिक अजिंक्यपदाच्या मानकरी झाल्या आणि २००५ साली त्यांनी आणखी तीन सुवर्णपदके मिळविली. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये सारे नॉर्वे त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते. परंतु ऐन वेळी प्रकृतीने दगा दिला, आणि एका रौप्यपदकावर समाधान मानून त्यांस परतावे लागले. पुढचे काही हिवाळेही पडतीचेच गेले. पंचविशी उलटल्यावर असा काळ आला म्हणजे ‘आता पुरे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आधीचा मार्ग पुन्हा तपासून पाहणारे थोडे. बाई त्या थोड्यांपैकी निघाल्या.

२०१० साली व्हँकुव्हर येथे त्यांनी तीन सुवर्ण, एक रौप्य व एक कांस्य अशी पाच पदके मिळविली. त्यांतील रौप्यपदक ३० किलोमीटरांच्या शर्यतीतील. दीड तासाच्या धावेनंतर पोलंडच्या जस्टिना कोवाल्चिक यांनी त्यांस सेकंदाच्या तीन दशांशांनी मागे टाकले! याच सुमारास कोवाल्चिक यांनी एक जाहीर आक्षेपही घेतला. ब्यॉर्गेनबाईंना दम्याचा विकार असून त्यावरील औषध त्या नियमानुसार परवानगीने घेत. या परवानगीमुळे त्यांस अन्याय्य लाभ होतो, असे प्रतिस्पर्धिनीचे म्हणणे होते. नियमभंग झाला नव्हता. परंतु हा वाद पुढे बराच काळ धुमसत राहिला, हेही सांगितले पाहिजे.

या यशाचे मर्म कशात होते? त्यांच्या सतरा वर्षांच्या सरावाच्या नोंदी नॉर्वेतील संशोधकांनी तपासून २०१७ साली प्रसिद्ध केल्या. विशीत वर्षाला सुमारे ५२० तास असलेला सराव पस्तिशीपर्यंत सुमारे ९४० तासांवर गेला होता. म्हणजे रोजचे सरासरी अडीच तासांहून अधिक. उन्हाळ्यात बर्फ नसे, तेव्हा चाके लावलेल्या स्कीवर किंवा डोंगरवाटांवर पायी धावून तो चालू राही. दम टिकविण्याच्या या मेहनतीपैकी नऊ दशांशांहून अधिक भाग अगदी बेताच्या वेगाचा होता, हे वाचून आम्हांस आश्चर्य वाटले. छाती फुटेतो धावणे थोडे, संथपणे पुष्कळ वेळ धावणेच फार! आपल्याकडील गवई पहाटे उठून तासन् तास खर्ज लावीत बसतो. मैफलीतील तानेला टाळी पडते, खर्जाला कोणी टाळी देत नाही. पण तान उभी राहते ती खर्जावरच.

२०१४ साली सोची येथे आणखी तीन सुवर्णपदके झाली. त्यानंतर २०१५ च्या डिसेंबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, बाईंना पुत्र झाला. त्याचे नाव मारियुस. गरोदरपणी त्यांनी व्यायाम सोडला नाही, मात्र त्याचे मान उतरविले. तो हिवाळा शर्यतींविना गेला. त्यांचे सहचर फ्रेड ब्यॉर्रे लुंडबर्ग हे स्वतः १९९४ चे ऑलिंपिक विजेते असल्याने सरावाच्या तासाची किंमत त्यांस सांगावी लागत नव्हती. २०१७ साली फिनलंडमधील लाहती येथे ही लेकुरवाळी बाई जागतिक स्पर्धेत उतरली आणि चार सुवर्णपदके घेऊन घरी आली.

शेवटचा प्रसंग २५ फेब्रुवारी २०१८ चा. दक्षिण कोरियातील प्यॉंगचँगच्या ऑलिंपिकचा तो अखेरचा दिवस, आणि स्त्रियांची ३० किलोमीटरांची शर्यत. आठ वर्षांपूर्वी याच अंतरावर निमिषमात्राने हुकलेली बाई आता सदतीस वर्षांची होती. ती सर्वांना मागे टाकून एकटीच पुढे गेली, आणि फिनलंडच्या क्रिस्ता पार्माकोस्की दुसऱ्या आल्या तेव्हा मध्ये पावणेदोन मिनिटांहून अधिक काळ लोटला होता. हे त्यांचे पंधरावे ऑलिंपिक पदक आणि आठवे सुवर्ण. तोपर्यंत हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतकी पदके कोणाही स्त्रीपुरुषास मिळालेली नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, पूर्वीइतकी ओढ आता उरली नाही असे सांगून त्यांनी निवृत्ती पत्करली.

हे वाचून एखाद्या आजीबाई म्हणतील, ‘तिकडच्या बायकांचे काय सांगता! आमच्या सुनेला स्वयंपाक, सणवार, आले-गेले सारे आहे.’ बोलणे खोटे नाही. प्रत्येकीने पदके मिळवावी असे आमचेही म्हणणे नाही. परंतु एकत्र कुटुंबात मूल घ्यायला जितके हात असतात, तितके त्या बाईंच्या घरी खास नव्हते. आपल्या घरी ते असूनही सुनेचा तंबोरा पाचवीच्या पूजेनंतर खुंटीवर चढतो आणि मुंजीपर्यंत खाली उतरत नाही, असे का व्हावे? गुण बाळंतपणाने जात नाही. तो जातो सराव तुटल्याने. रोजचा एक तास आजीने नातू मांडीवर घेतला तर तो सराव टिकेल. तेवढा तास कोणी द्यावयाचा, हे मात्र ज्या त्या घराने एकदा बसून ठरवावे.