बी.एस्सी. झाली, आता पुढे काय?

वाशी म्हटले की मुंबईच्या पाहुण्यांना नवी मुंबईतली वाशी आठवते. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. इथे मध्यंतरी एका ओळखीच्या घरी गेलो होतो. वडील हमाली करतात, मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. "साहेब, हिला बी.एड.ला घालू का पोलीस भरतीला पळवू?" वडिलांनी विचारले. साहेब कसले, आम्ही कारकून! पण प्रश्न खरा होता. डॉक्टरकीला नंबर लागला नाही की विज्ञान वाया गेले, असे आपल्या घरोघरी समजतात. त्या मुलीला आम्ही पेटंटच्या कामाची माहिती दिली. तीच इथे देतो.

आमच्या तालुक्यातल्या तेरखेड्यात फटाके बनतात. शोभेच्या दारूचे प्रमाण कोणी कारागीर सहसा दुसऱ्याला सांगणार नाही. ते त्याचे गुपित. पेटंट याच्या उलट असते. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती कागदावर उघड मांडायची. ती खरोखर नवी ठरली, तर अर्ज केल्यापासून वीस वर्षे इतरांना तिची नक्कल करण्यापासून रोखण्याचा हक्क त्याला मिळतो. हा कागद लिहिणे, तो कार्यालयात मांडणे किंवा दुसऱ्याचा दावा खोडून काढणे हे पेटंट एजंटाचे आणि पेटंटच्या वकिलाचे काम.

याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. टीबीने गेलेले माणूस ज्यांच्या नात्यात नाही, अशी घरे आपल्या वस्त्यांत किती सापडतील? नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन नावाची गोळी आहे. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे त्यावरचे मूळ पेटंट भारतात जुलै २०२३ मध्ये संपणार होते. पण त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारासाठी कंपनीने वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी २०१९ साली हरकत घेतली. दोघी टीबीतून वाचलेल्या. उपचारांतल्या जुन्या औषधांनी दोघींचे कान गेलेले. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

या एका प्रकरणात तीन विद्या लागल्या. क्षार केल्याने औषधात खरोखर नवे काय आले, हे रसायन जाणणाराच सांगणार. चार वर्षांच्या जादा मक्तेदारीचा बाजारात अर्थ काय, हा धंद्याचा हिशेब. आणि तिसरा कायदा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ३(ड) सांगते की, माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप, मग तो क्षार का असेना, गुण वाढल्याशिवाय शोध ठरत नाही. मंजुरीपूर्वी हरकत कोणालाही घेता येते, हेही त्याच कायद्यात आहे. पण कोणालाही म्हटले तरी ती मांडायला जाणकार लागतो. असे जाणकार आपल्या घरांतून किती निघाले?

पेटंट एजंट व्हायला एलएल.बी. लागत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. वय २१ पूर्ण, भारतीय नागरिकत्व आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी. मग पेटंट कार्यालयाची परीक्षा: दोन लेखी पेपर आणि तोंडी. पास झाल्यावर नोंदणी करून कार्यालयापुढे बाजू मांडता येते. कोर्टात उभे राहायचे तर मात्र तीन वर्षांची एलएल.बी. आणि सनद हवी. बाबासाहेबांनी लंडनला अर्थशास्त्राची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी दोन्ही केल्या. दोन विद्या एका माणसात ठेवणे आपल्याला नवे नाही. एम.एस्सी. किंवा इंजिनियर झालेल्यांना पेटंट परीक्षकाची केंद्र सरकारी नोकरीही आहे. तिथे आरक्षण लागू आहे, म्हणून जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला तयार ठेवावा.

अडचण इंग्रजीची आहे, ती लपवून उपयोग नाही. दाव्यात 'यात हे असते' लिहिले की 'यात फक्त हेच असते', एवढ्या फरकाने हक्काची हद्द बदलते. तेव्हा वर्ष-दीड वर्ष घासावे लागेल. सुरुवातीला एखाद्या फर्ममध्ये थोड्या पगारावर शिकावेही लागेल.

आमच्या बी.कॉम.ला ही परीक्षा बंद आहे, याची थोडी खंत वाटली. कायदा आणि नियम पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आम्ही त्यांच्या प्रती काढून विहारातल्या कपाटात ठेवल्या आहेत. एजंटाची पात्रता कलम १२६ मध्ये आहे. त्या पानाला लाल खूण केली आहे. ती मुलगी पहिली प्रत घेऊन गेली, दुसरी अजून कपाटात आहे.