दुसऱ्या मंगळवारची रात्र

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की मायक्रोसॉफ्ट जगभरच्या विंडोज कॉम्प्युटरांसाठी दुरुस्त्यांचा गठ्ठा सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात; तिकडे हिवाळी वेळ लागू झाली की साडेअकरा. विक्रोळीत त्या वेळी एलबीएस मार्गालगतच्या गाळ्यांची शटर खाली गेलेली असतात, पार्कसाइटची दुकानं आवरत आलेली असतात, कन्नमवार नगरातले सीए जेवून बातम्या बघत बसलेले असतात. बुधवारी सकाळी हीच मंडळी मशीन सुरू करतात, तर पडद्यावर ठिपके गोल फिरताहेत, ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ अशी सूचना आलीय आणि काउंटरवर गिऱ्हाईक बिलासाठी थांबलंय. मग फोन येतो, ‘दादा, हे काय झालंय?’

विक्रोळीतल्या छोट्या कचेऱ्यांचे कॉम्प्युटर मी बरीच वर्षं बघत आलोय. लोकांना नवा प्रोसेसर, नवी स्क्रीन यांचं कौतुक असतं. मला कौतुक आहे ते या बुधवारच्या सकाळचं. धंद्याचा कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय, हे त्या अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं शोरूमच्या झगमगाटात कधीच कळत नाही.

मंगळवारच का? तर सोमवारी शनिवार-रविवारचा साचलेला गोंधळ निस्तरायचा असतो, आणि मंगळवारी दुरुस्ती दिली की काही बिघडलं तरी सावरायला आठवड्याचे तीन दिवस हातात राहतात. ही शिस्त ऑक्टोबर 2003 पासूनची. त्याआधी दुरुस्त्या तयार होतील तशा सुटायच्या आणि सांभाळणारा माणूस कायम त्यांच्या मागे धावत असायचा. त्या वर्षाने जगाला दोन फटके दिले होते. 25 जानेवारी 2003, शनिवार, आपल्याकडचे सकाळचे अकरा. ‘स्लॅमर’ नावाचा जेमतेम 376 बाइटचा एक किडा सुटला आणि पहिल्या दहा मिनिटांत, जी मशीन त्याला बळी पडू शकत होती त्यांतल्या बहुतेकांपर्यंत पोचला. 376 बाइट म्हणजे या लेखातल्या एखाद्या वाक्याएवढा मजकूर! अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेची एटीएम बंद पडली. या किड्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधी, जुलै 2002 मध्येच देऊन ठेवली होती. ती टाकली नव्हती, एवढंच. ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ आला, तेव्हाही दुरुस्ती महिनाभर आधीपासून पडून होती. माझ्या लेखी कॉम्प्युटर सांभाळण्याचा सगळा इतिहास या दोन घटनांत आला: औषध घरात असतं, ते द्यायला कुणी नेमलेलं नसतं.

आता थोडं मागे जातो, कारण विक्रोळीत बसून कचेरीच्या यंत्रांवर लिहायचं आणि टाइपरायटरला वगळायचं हे मला जमणार नाही. विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइसने 1955 साली संपूर्ण देशी बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. पुढची चार-पाच दशकं कोर्टाच्या आवारापासून म्युनिसिपालिटीच्या जकात नाक्यापर्यंत त्याचा खडखडाट ऐकू यायचा. शेवटी तो शिरवळच्या कारखान्यात बनायचा. 2009 मध्ये उत्पादन थांबलं आणि 2011 मध्ये ती बातमी जगभर गाजली. मला त्या यंत्रापेक्षा त्याच्या मेकॅनिकचं जास्त वाटतं. ठरलेल्या महिन्यात तो पिशवी घेऊन यायचा, टाइपबार ब्रशने साफ करायचा, तेलाचा थेंब सोडायचा, रिबन बदलायचा, रोलर तपासायचा, कारकुनाची सही घ्यायचा आणि जायचा. मशीन बंद पडलेलं नसतानाही तो यायचा, हे महत्त्वाचं. वर्षाचं कंत्राट असायचं, त्याचे पैसे कुणाला जड वाटत नसत. टाइपरायटर कारखान्यातून निघाला तसाच पंचवीस वर्षं राहायचा, झिजला तेवढाच बदलायचा. तरी त्याला माणूस नेमलेला होता. कॉम्प्युटर तर विकून झाल्यावरही घडतच राहतो. मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधला, बंगळुरातला, पुण्यातला कुणीतरी दर महिन्याला त्यात काहीतरी बदलत असतो. आणि नेमका त्याला माणूस नाही.

कॉम्प्युटर इथवर कसा आला ते थोडक्यात सांगून टाकतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये टिफ्रॅक हा देशी संगणक उभा राहिला, 1978 मध्ये आयबीएम देश सोडून गेली, 1984 च्या धोरणाने आयात सैल केली, बँकांत युनियनचा विरोध होता होता यंत्रं आली, आणि नव्वदच्या दशकात ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या शेजारी मदरबोर्ड दिसू लागले. विक्रोळीचा असेंबल्ड कॉम्प्युटर बराच काळ तिथूनच लोकलने यायचा.

दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून काय उभं राहू शकतं याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. मग स्वतःचं छोटं दुकान काढलं, कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊ लागले. येणाऱ्या मशीनमध्ये बिघाड कमी आणि व्हायरस जास्त, हे त्यांच्या ध्यानात आलं. धाकटे भाऊ संजय तेव्हा कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. 1995 मध्ये तो क्विक हील नावाने बाजारात आला, 2007 मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि 2016 मध्ये तिचे शेअर बाजारात आले. हे मी नव्या हार्डवेअरच्या पोरांना आवर्जून सांगतो. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला रोग आधी दिसतो; कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत तो उशिरा पोचतो.

पुन्हा मंगळवाराकडे येतो. 14 मार्च 2017 हा दुसरा मंगळवार होता. त्या रात्रीच्या गठ्ठ्यात विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधलं एक मोठं भगदाड बुजवणारी दुरुस्ती होती. बरोबर 59 दिवसांनी, 12 मे रोजी, ‘वॉनाक्राय’ त्याच भगदाडातून शिरला. फाइलींना कुलूप लावून 300 डॉलर मागू लागला. दीडशे देशांतली दोन लाखांवर मशीन त्याने धरली, ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत रुग्ण परत पाठवावे लागले. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, 8 एप्रिल 2014 लाच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला त्या शुक्रवारी एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती सोडावी लागली. इतकी एक्सपी जगात अजून चालू होती.

त्यातलं एक मला माहीत होतं. एलबीएस मार्गाजवळच्या एका गाळ्यात पत्रा कापायचं परदेशी मशीन आहे, आणि ते चालवणारा कॉम्प्युटर एक्सपीवर. मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही. नवं मशीन घ्यायचं तर गाळ्याची किंमत मोजावी लागेल. मालक मला म्हणाले, ‘दादा, याला हात लावू नका. हे बंद पडलं तर पोरांचा पगार कुठून देऊ?’ त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक मशीन अपडेट झालंच पाहिजे असा हट्ट पुस्तकात ठीक आहे. आम्ही त्या मशीनची नेटची वायर काढली, नकाशे न्यायला एकच पेन ड्राइव्ह ठेवला, तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासायचा असं ठरवलं, आणि आख्ख्या हार्ड डिस्कची नक्कल करून मालकांच्या कपाटात ठेवली. जे सुधारता येत नाही ते वेगळं काढून ठेवायचं. धंद्यात याहून शहाणा उपाय मला अजून सापडलेला नाही.

वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, 27 जून 2017 ला ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याने माझी झोप उडवली. कारण तो अपडेटमधूनच आला. युक्रेनमध्ये कर भरायला धंदेवाले एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात. आपल्याकडे टॅली जसं घराघरांत, तसं तिकडे ते. हल्लेखोरांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरवरच कब्जा केला. आज्ञाधारकपणे अपडेट घेणारेच मेले. डेन्मार्कची जहाजकंपनी मर्स्क त्यात सापडली, आणि तिचं एक टर्मिनल आपल्या न्हावा-शेवा बंदरात आहे. तिथलं कामकाज ठप्प झालं, ट्रकांच्या रांगा लागल्या. मर्स्कने दहा दिवसांत 45,000 कॉम्प्युटर आणि 4,000 सर्व्हर नव्याने उभे केले. पण ते शक्य झालं एका योगायोगाने. कंपनीत कोण कोण आहे आणि कुणाला काय उघडायची परवानगी आहे, याची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर दीडशेच्या आसपास होते. ते एकमेकांची नक्कल ठेवायचे, म्हणून सगळे एकदमच पुसले गेले. उरला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकजण ती डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती लंडनला घेऊन गेला. भारनियमनाला शिव्या घालत वाढलेल्या आपल्या पिढीला हे सांगताना मला फार बरं वाटतं. यातून शिकायचं ते सरळ आहे: बॅकअपची एक प्रत कशालाच जोडलेली नसावी. क्लाउडवर आहे, दुसऱ्या मशीनवर आहे, एवढं पुरत नाही.

मग अपडेट बंदच करून टाकावं का? पुष्कळ जण करतात, आणि 19 जुलै 2024 नंतर तर त्यांना बळच आलं. त्या शुक्रवारी सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल पाठवली. 78 मिनिटांत ती मागे घेतली, तोवर सुमारे 85 लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. मुंबई विमानतळावरही चेक-इन हाताने करावं लागलं. दुरुस्ती दुरून करता येईना. एकेका मशीनपाशी माणूस बसवून ती फाइल पुसावी लागली. पण हा प्रकार काही तासांत कळला आणि काही दिवसांत निस्तरला. अपडेट न घेतल्याचं नुकसान महिनोन्‌महिने दिसत नाही आणि मग एका सकाळी सगळा डेटा जातो. दुसऱ्या मंगळवारचा दुसऱ्या दिवसाशी आणखी एक संबंध आहे: दुरुस्ती बाहेर पडली की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून भोक कुठे होतं ते शोधतात. न सुधारलेलं मशीन बुधवारी मंगळवारपेक्षा जास्त धोक्यात असतं. म्हणून मी ज्यांच्याकडे जातो तिथे एक मशीन पुढे ठेवतो, बहुधा कमी कामाचं. ते बुधवारी अपडेट घेतं. शुक्रवारपर्यंत प्रिंटर, टॅली, बँकेची साइट, डिजिटल सही सगळं नीट चाललं, की शनिवारी दुपारी बाकीची. चार मशीनच्या कचेरीलाही हे परवडतं.

टॅलीची गोष्ट निराळी, तिथे मंगळवार सरकार ठरवतं. 1986 मध्ये बंगळुरात गोयंका पिता-पुत्रांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर. लायसन्स कायमचं असतं, पण नवी आवृत्ती घ्यायची तर वर्षाची वर्गणी चालू लागते, आणि ती चुकवण्यात पुष्कळांना बचत वाटते. 1 एप्रिल 2005 ला व्हॅट आला, 1 जुलै 2017 ला जीएसटी, 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस. 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले. बरीचशी औषधं 5 टक्क्यांवर आली आणि विक्रोळीतल्या मेडिकलवाल्यांना आदल्या रात्रीत बिलिंगमधले दर बदलून बसावं लागलं. ज्यांची वर्गणी चालू होती आणि ज्यांना नेहमीचा माणूस होता, त्यांनी घट बसवून दुकान उघडलं. क्रॅक मारलेली प्रत वापरणाऱ्यांना अपडेट घ्यायची भीती. ते हातानेच आकडे बदलत राहिले.

आता विक्रेत्यांबद्दल. विक्रोळी स्टेशनपासून आत शिरलं की कॉम्प्युटरची छोटी दुकानं अजून टिकून आहेत. ऑनलाइन साइट आणि मोठ्या साखळी दुकानांच्या भावाशी ती स्पर्धा करू शकत नाहीत, आणि करूही नये असं माझं ठाम मत आहे. डब्यावर त्यांना मिळतं ते फारच थोडं. त्यांनी सांभाळणं विकावं. सोसायटी लिफ्टच्या देखभालीचे पैसे वर्षाला बिनबोभाट देते, लिफ्ट एकदाही अडकली नाही तरी देते. तशीच वर्षाची रक्कम दुकानदाराने धंदेवाल्याकडे मागावी. ‘सिस्टिम स्लो झालीय, फॉरमॅट मारून द्या’ म्हणून बोलावलं की तीनशे-चारशे रुपये, या रिवाजात दोघांचंही नुकसान आहे. मशीन बिघडेल तेव्हाच ज्याची कमाई होते, त्याने बिघाड टाळावा असं त्याला का वाटेल? टाइपरायटरच्या मेकॅनिकला हा पेच नव्हता.

याची निकड आत्ता आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी, म्हणजे दुसऱ्या मंगळवारीच, विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. 2016-17 मध्ये घेतलेली, एसएसडी टाकून मस्त धावणारी मशीन त्यामुळे बाद ठरताहेत. धंद्यांना पैसे भरून आणखी तीन वर्षांपर्यंत दुरुस्त्या घेता येतात. पहिल्या वर्षाला मशीनमागे 61 डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. माझा हिशेब असा आहे: टॅली आणि बँक ज्या मशीनवर, ते आधी बदलावं. ज्यावर फक्त पत्रं, ई-मेल आणि ब्राउझर चालतो, त्यावर लिनक्स टाकून बघावं. दोन ठिकाणी टाकलंय, तिथला कारकून तक्रार करत नाही. आणि नेटपासून तोडलेल्या मशीनला घाई नाही. दिवाळीत जुना कॉम्प्युटर देऊन नवा न्या अशा पाट्या लागतात. त्या दुकानात शिरण्याआधी कचेरीत किती मशीन आहेत, कशावर कोणती विंडोज आहे, टॅलीची वर्गणी कोणत्या तारखेला संपते आणि शेवटचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून कधी पाहिला, एवढं एका कागदावर लिहून न्यावं. दुकानदार तो कागद वाचून प्रश्न विचारू लागला, तर खरेदी त्याच्याकडेच करावी.