तोळाभर गोळी

दिवाळीच्या अंकात पिस्तुलाच्या गोळीवर लेख पाहून वाचक भुवया उंचावतील. मीही उंचावल्या होत्या! अमेरिकेत असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे आम्ही उभयता गेलो होतो, तेव्हा त्याच्या वृद्ध शेजाऱ्यांनी कौतुकाने आपले तळघर दाखवले. आपल्याकडे लोणच्याच्या बरण्या मांडाव्यात तशा फळीवर पितळी पुंगळ्या! झाडलेल्या काडतुसाची पुंगळी टाकायची नाही. तीत नवी टोपी, मोजून दारू आणि नवी गोळी बसवायची. तिकडे हा घरगुती छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनवणे हा गुन्हा होय.

गोळीचे वजन तिकडे अजून ग्रेनमध्येच सांगतात. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलेल्या दोन्ही गोळ्या बरोबर तोळ्या-तोळ्याच्या! एक हॉर्नडीची ‘एक्सटीपी’, दुसरी स्पीअरची ‘गोल्ड डॉट’. दोन्हींची टोके पोकळ, शरीरात शिरताच फुलावीत म्हणून. पहिलीच्या तांब्याच्या कवचाला खाचा असतात, त्या रेषांवर ते उमलते. दुसरीत शिशावर विजेच्या साह्याने तांब्याचा मुलामाच चढवलेला, म्हणून साल सुटत नाही. पोकळीच्या तळाशी मुलाम्याचा ठिपका उरतो, त्यावरून ते नाव. “दागिन्याचंच नाव वाटतं हो!” आमची मंडळी म्हणाली.

पण फुलली म्हणजे झाले असे नाही. १९८६ साली मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एकाच्या दंडातून छातीत शिरलेली गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो लढत राहिला, आणि दोन अधिकारी प्राणास मुकले. पुढे एफबीआयने कसोटी ठरवली: जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी निदान १२ इंच शिरावी, १८ इंचांपलीकडे जाऊ नये.

फुलणाऱ्या गोळीशी आपलाही संबंध आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील सरकारी कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात शिशाचे टोक उघडे ठेवलेली गोळी निघाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. रणांगणात शत्रूवर जी झाडायची नाही, ती घराच्या रक्षणासाठी निवडून आणायची! मला हे काही केल्या गिळवेना.

“कधी माणसावर झाडलीत?” मी विचारलेच.

“देवदयेनं नाही. कागदावर नेम धरतो, तोही साध्या स्वस्त गोळ्यांनी. या दोन्ही खणातच असतात.”

चहाआधी मात्र त्यांनी आम्हाला साबणाने हात धुवायला लावले. शिसे पोटात जाणे वाईट, म्हणाले.