हरकत कोणत्या कलमाखाली?

नांदेडला सचखंड हुजूर साहिब आहे, लातूरला सुरतशहावली दर्गा आहे. परक्याच्या प्रार्थनेचे या शहरांना वावडे असण्याचे कारण नाही. तरीही उद्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीने वसाहतीतील स्वतःच्या प्लॉटवर चर्चसाठी अर्ज दिला आणि शेजाऱ्यांनी विरोधाच्या सह्या गोळा केल्या, तर महापालिकेने काय पाहायचे?

नकाशा पाहायचा. विकास आराखड्यात जागेचा वापर काय, रस्ता किती रुंद, गाड्या कुठे लागणार. सह्या मोजणे हे नगररचना विभागाचे काम नव्हे! महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार परवानगी नाकारताना कारणे द्यावीच लागतात. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणारा प्रस्ताव मंजूर मानला जातो. नकाराविरुद्ध कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील आहे. म्हणून तोंडी नकार ऐकून कोणी घरी परतू नये, तो लेखी मागावा.

‘हा ख्रिस्ती लोकांचा प्रश्न, आम्हाला काय?’ असे म्हणणाऱ्या आमच्या बांधवांनी अर्जातला ‘चर्च’ खोडून ‘विहार’ लिहून पाहावे. संविधानाच्या कलम २५ व २६ मधील हक्क दोघांचा एकच. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य या मर्यादाही त्याच.

सार्वजनिक रस्ते, उद्याने अशा जागांवर अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. तो इतरांच्या देवळाला लागू आणि आमच्या विहाराला नाही, असे आम्ही म्हणू शकत नाही. आधी मंजूर नकाशा हातात घ्यावा, पायाभरणीची पत्रिका मग छापावी.