नुसतं मटण-अंडी खाऊन शुगर उतरते का?

सध्या वस्तीत मोबाईलवर एक आहार फिरतो आहे. भाकरी, चपाती, भात, डाळ, भाजी, फळ सगळं बंद. तिन्ही वेळ फक्त मटण, चिकन, मासे, अंडी आणि चरबी. ‘महिन्यात शुगर नॉर्मल, गोळ्या बंद’ असं सांगणारे व्हिडिओ एकाकडून दुसऱ्याकडे जातात. शिबिरात शुगर तपासायला रांगेत उभे असलेले बांधव विचारतात, “ताई, हे खरं का?” जिमला जाणारी पोरंही तेच विचारतात.

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. आपल्या ताटात धान्य जास्त आणि प्रथिनं कमी, हे खरंच आहे. भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेतला साठ टक्क्यांहून जास्त वाटा पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून येतो, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत दिसलं आहे. याच पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींवर गेले आहेत. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं. अंडं मिळत नाही. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय २०२३ साली झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला सरकारने त्याचा निधी थांबवला. मांस खाण्यावरून ज्यांना आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले, त्यांना ‘मांस हेच औषध’ म्हणणारा कुणी भेटला तर बरं वाटणारच.

प्रयोग कुणी केला होता?

ही कल्पना नवी नाही. विल्यालमर स्टेफान्सन हा उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात फिरलेला संशोधक. तिथल्या इन्युइट लोकांबरोबर तो वर्षानुवर्षं मांस-मासळीवर राहिला होता. त्याच्या सांगण्यावर डॉक्टरांचा विश्वास बसेना, म्हणून १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या देखरेखीखाली तो आणि त्याचा एक सहकारी वर्षभर फक्त मांसावर राहिले. खर्चाचा काही भाग अमेरिकेतल्या मांस-व्यावसायिकांच्या संस्थेने उचलला होता. वर्षाअखेर दोघेही ठणठणीत होते.

व्हिडिओवाले इथवर सांगतात. पुढचं आम्ही सांगतो. सुरुवातीला डॉक्टरांनी स्टेफान्सनला चरबी काढलेलं मांस दिलं. दोन-तीन दिवसांतच त्याला मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी दिल्यावर तो सावरला. त्या वर्षात दोघांच्या अन्नातली तीन चतुर्थांशांहून जास्त ऊर्जा चरबीतून येत होती. शिवाय ते कलेजी, गुर्दे, भेजा, नळीतला मगज असं सगळं खात. त्यांच्या आहारात कॅल्शियम फार कमी पडत होतं, हीही नोंद झाली. आणि होते किती जण? दोन. तेही निरोगी, कुठलीही गोळी न घेणारे.

आपल्याकडचं ब्रॉयलर चिकन चरबीला कमी. बोकडाचं मटणही फार चरबीचं नसतं. त्यामुळे नुसत्या चिकनवर राहायला जाणाऱ्याची गत स्टेफान्सनच्या पहिल्या आठवड्यासारखी व्हायची शक्यता जास्त.

शरीरात काय घडतं?

पिष्टमय पदार्थ बंद केले की शुगर उतरते, हे खरं. वजनही पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरतं, पण त्यात पाणी बरंच असतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर पाणी धरून असते; ती संपली की ते पाणी लघवीवाटे जातं. सोबत मीठही जातं. म्हणून डोकं दुखतं, चक्कर येते, पायात गोळे येतात. चोथा पोटात जात नाही, म्हणून बद्धकोष्ठ होतं. काहींचं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. वर्षानुवर्षं असं खाल्ल्याने हृदयाचं आणि किडनीचं काय होतं, हे ठामपणे सांगणारे मोठे, दीर्घकाळाचे अभ्यास झालेले नाहीत.

खरा धोका गोळीचा

मधुमेहाच्या गोळीचा डोस तुमचं रोजचं खाणं धरून ठरवलेला असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना भाकरी-भात एकदम बंद केला, तर शुगर धोक्याइतकी खाली येते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, बोलणं असंबद्ध होणं ही त्याची लक्षणं. पहाटे असं झालं तर घरच्यांना वाटतं माणूस झोपेत बरळतोय. शुगर सत्तरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ला फोन करा.

डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी आता अनेकांना दिली जाते. ती चालू असताना पिष्टमय पदार्थ बंद केले तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि मशीनवर शुगर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं दिसलं तर थांबू नका, दवाखाना गाठा.

खालच्या मंडळींनी हा आहार करू नये:

• लहानपणापासून इन्शुलिनवर असलेले मधुमेही
• किडनीचा किंवा युरिक अॅसिडचा त्रास असलेले
• गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढती मुलं
• सिकलसेलचे रुग्ण. अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येऊ शकतो. विदर्भातल्या आपल्या घरांत हा आजार बराच आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

ब्लडप्रेशरची गोळी घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना न विचारता खाण्यात असा बदल करू नये. प्रेशर एकदम उतरून माणूस पडतो.

एकाचं ताट, घरादाराचा खर्च

साधा हिशेब करू. दिवसाला १८०० कॅलरी लागतात असं धरलं, तर चामडी काढलेलं चिकन दीड किलोच्या आसपास खावं लागेल. महिन्याला ४५ किलो. किलोला दोनशे रुपये धरले तरी एका माणसाचे नऊ हजार. हे पैसे कुणाच्या ताटातून येणार? आपल्या घरांत आजही आधी पुरुष, मग मुलं आणि शेवटी बाई जेवते. फोडी संपलेल्या असतात, तिच्या वाट्याला रस्सा येतो. रक्त कमी असल्याचं शिबिरात आम्हाला ज्यांच्यात जास्त दिसतं, त्या याच भगिनी आणि वयात आलेल्या मुली. मांसाची खरी गरज त्यांना आहे.

मग करायचं काय?

भगवान बुद्धांनी मध्यम मार्ग सांगितला. कोसलचा राजा प्रसेनजित अति जेवून धापा टाकत त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला कुठला पदार्थ सोडायला सांगितला नाही. भान ठेवून, बेताने जेवायला सांगितलं. राजाने हळूहळू भाताचं माप कमी केलं आणि त्याचं अंग हलकं झालं. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, आणि डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांच्या पथ्याकडे लक्ष देत.

आधी साखर कमी करा. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे रोज ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. खारी, बिस्किटं, कोल्ड्रिंक बंद. भाताचा ढीग निम्म्यावर आणा. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग डाळ, अंडं किंवा मांस आणि पाव भाग भाकरी.

साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी (१२ ग्रॅम), दोन वाट्या घट्ट डाळ (१४), ज्वारीच्या तीन भाकरी (१५) आणि ३० ग्रॅम सुकट (१८) एवढ्यात पन्नाशी ओलांडते. खारवलेली मासळी ब्लडप्रेशर असलेल्यांनी टाळावी. कलेजी, वजडी, पाया हे स्वस्तातलं अन्न आहे, त्याची लाज कशाला? कलेजीत लोह आणि बी-१२ भरपूर असतं. गरोदरपणी मात्र कलेजी खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तरीही कुणाला भाकरी-भात फारच कमी करून पाहायचा असेल, तर आधी आपल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन सरकारी दवाखान्यात जा. शुगर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, युरिक अॅसिड तपासून घ्या आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

या रविवारी विहारात वंदना झाल्यावर शेजारच्या मधुमेही माणसाला एवढं विचारा, की खाण्यात काही बदल केलात का आणि गोळी कुठली चालू आहे. आणि घरी मटण शिजेल त्या दिवशी पहिली फोड घरातल्या बाईच्या ताटात वाढा.