एपिसोड आवडला, पण नेमका कशामुळे? पाहुण्या दिग्दर्शकाच्या उदाहरणातून रिसर्च डिझाइन



पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एक शब्द हमखास भेटतो, तो म्हणजे ‘परिणाम’. अमुकचा तमुकवर होणारा परिणाम : एक अभ्यास. शीर्षक लिहायला दोन मिनिटं लागतात. पण ‘यामुळे ते झालं’ हे दाखवायला काय काय लागतं, याचा विचार बऱ्याचदा समितीसमोर बसल्यावर, प्रश्न आल्यावर सुरू होतो. आज तो विचार आपण आधीच करून ठेवू. उदाहरण मुद्दाम प्रयोगशाळेबाहेरचं घेतलंय, म्हणजे विषय कोणताही असला तरी ते कळेल.

प्रश्न असा आहे. टीव्हीवरच्या एका गुन्हेगारी मालिकेचा एक भाग बाहेरून आलेल्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने केला. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. ही दाद त्या दिग्दर्शकामुळे मिळाली, असं म्हणता येईल का?

आपली केस : ‘ग्रेव्ह डेंजर’

‘सीएसआय’ ही अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवरची मालिका २००० मध्ये सुरू झाली. लास व्हेगासमधले न्यायवैद्यक तज्ज्ञ पुरावे गोळा करून गुन्ह्याचा छडा लावतात, हा तिचा साचा. १९ मे २००५ रोजी पाचव्या सीझनचा शेवटचा भाग दाखवला गेला. त्याचं नाव ‘ग्रेव्ह डेंजर’, दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनो. ‘पल्प फिक्शन’ आणि ‘किल बिल’वाला. त्याला या भागासाठी एमी पुरस्काराच्या दिग्दर्शन विभागात नामांकनही मिळालं.

गोष्ट थोडक्यात अशी : टीममधला निक स्टोक्स पुरावा घ्यायला जातो आणि त्याचं अपहरण होतं. त्याला पारदर्शक पेटीत घालून जिवंत पुरलं जातं. त्याची तडफड त्याच्या सहकाऱ्यांना कॅमेऱ्यातून दिसते, पण तो कुठे आहे हे कळत नाही. हवा संपत चाललीय, त्यात मुंग्या पेटीत शिरतात. बघणारा खुर्चीच्या टोकावर येणार, यात शंका नाही.

आता सरळसोट निष्कर्ष काय निघतो? ‘टॅरंटिनो आला म्हणून भाग गाजला.’ ऐकायला पटतं. पण सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य टिकत नाही. का, ते बघू.

एका वेळी किती गोष्टी बदलल्या?

प्रयोगशाळेत आपण काय करतो? एकच गोष्ट बदलतो आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवतो. तापमान वाढवायचं तर आम्लता तीच, द्रावणही तेच. ‘ग्रेव्ह डेंजर’मध्ये फक्त दिग्दर्शक बदलला होता का? मोजून बघा.

१. लांबी. नेहमीच्या एका भागाऐवजी दोन भाग जोडून एकत्र दाखवले.

२. जागा. हा सीझनचा शेवट होता, आणि सीझनचे शेवटचे भाग तसेही लोक ठरवून बघतात.

३. बळी. एरवी पेटीत किंवा टेबलावर कुणीतरी अनोळखी माणूस असतो. इथे पाच वर्षं घरात येणारा चेहरा होता.

४. कथा. मूळ कथाही टॅरंटिनोचीच होती, पटकथा मात्र मालिकेच्या नेहमीच्या लेखकांनी लिहिली. म्हणजे तो फक्त दिग्दर्शक म्हणून आलाच नव्हता.

५. पाहुणे कलाकार. टोनी कर्टिस आणि फ्रँक गॉर्शिन यात दिसतात. त्यातले गॉर्शिन प्रसारणाच्या दोनच दिवस आधी वारले आणि हा भाग त्यांना अर्पण केला गेला.

६. नाव. टॅरंटिनोच्या ‘किल बिल’च्या दुसऱ्या भागात, म्हणजे २००४ मध्येच, नायिकेला जिवंत पुरल्याचा प्रसंग होता. ज्यांनी तो बघितला होता, ते इथे मनात काहीतरी धरूनच बसले असणार.

यातल्या प्रत्येक गोष्टीमुळे दाद वाढू शकते. ज्या गोष्टी आपल्या मुख्य कारणाला चिकटून येतात आणि निकालावरही असर करतात, त्यांना कन्फाउंडर म्हणतात. शेतातलं उदाहरण घ्या. नवीन खत टाकलं, त्याच वर्षी पाऊसही वेळेवर आला आणि कापूस चांगला झाला. श्रेय खताला द्यायचं की पावसाला? खत न टाकलेलं शेजारचं वावर बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

चार खणांचा तक्ता

मग शेजारचं वावर शोधायचं कसं? वहीत चार खण आखा. आडवं : दिग्दर्शक नेहमीचा की पाहुणा. उभं : भाग साधा की खास.

नेहमीचा दिग्दर्शक आणि साधा भाग, हा खण भरलेलाच असतो. पाहुणा आणि खास भाग, यात ‘ग्रेव्ह डेंजर’ बसतो. पाहुणा पण साधा भाग? याच मालिकेत २००७ मध्ये विल्यम फ्रीडकिनने ‘कॉक्रोचेस’ नावाचा भाग केला. ‘द फ्रेंच कनेक्शन’ आणि ‘द एक्सॉर्सिस्ट’चा हा दिग्दर्शक. भाग नेहमीच्या लांबीचा, सीझनच्या मधलाच. म्हणजे तिसरा खणही भरला.

चौथा खण, नेहमीचा दिग्दर्शक आणि खास भाग. याचं नमुनेदार उदाहरण आपल्याकडे आहे. ‘सीआयडी’ने नोव्हेंबर २००४ मध्ये १११ मिनिटांचा भाग दाखवला, सलग एकाच शॉटमध्ये चित्रित केलेला, मध्ये एकही कट नाही. विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. दिग्दर्शक मात्र बाहेरचा कुणी नव्हता, मालिकेचे जन्मदाते बी. पी. सिंगच होते. एसीपी प्रद्युम्नही आपले शिवाजी साटमच. पाहुणा नसतानाही भाग ‘खास’ करता येतो आणि लोक त्याबद्दल बोलतात, हे यातून कळतं.

पण थांबा. ‘सीआयडी’चा भाग ‘सीएसआय’च्या शेजारी ठेवून थेट वजाबाकी करायची नाही. देश वेगळा, मालिका वेगळी, प्रेक्षक वेगळे. चारही खण एकाच मालिकेतून भरले, तरच तुलना न्यायाची. ‘सीआयडी’ने आपल्याला प्रश्न नीट मांडायला मदत केली, उत्तर दिलं नाही. उदाहरण आणि पुरावा यातला हा फरक लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना फार कामाला येतो.

सरासरीच्या मागे काय दडतं?

समजा, तुलना जमली. आता प्रतिक्रिया मोजायची कशी? बहुतेक जण सरासरी गुण काढून मोकळे होतात. इथे ‘ब्रेकिंग बॅड’ आठवा. रसायनशास्त्राचा शिक्षक अमली पदार्थ बनवायला लागतो, ती मालिका. तिचे तीन भाग रायन जॉन्सन या सिनेमा दिग्दर्शकाने केले. त्यातला ‘फ्लाय’ (२०१०) जवळपास पूर्ण वेळ एका लॅबमध्ये घडतो. दोन माणसं आणि एक माशी, बस्स. आयएमडीबीवर प्रेक्षकांनी त्या मालिकेत सगळ्यात कमी गुण याच भागाला दिले. आणि त्याच दिग्दर्शकाचा ‘ओझिमँडियस’ (२०१३) तिथे अनेक वर्षं १० पैकी १० वर होता.

एकच पाहुणा, एकच मालिका, आणि दोन टोकं. म्हणजे ‘पाहुणा आला की गुण वाढतात’ हे विधान इथेच अडखळलं. शिवाय ‘फ्लाय’ला मालिकेतल्या सर्वोत्तम भागांत धरणारेही भरपूर आहेत. गुण कमी असणं म्हणजे सगळ्यांना नावडणं नव्हे.

साधं गणित करा. दहा जणांनी ५-५ गुण दिले, सरासरी ५. दुसऱ्या भागाला पाच जणांनी ९ आणि पाच जणांनी १ दिला, सरासरी पुन्हा ५. पहिल्या भागाबद्दल कुणाला फारसं काही वाटलेलं नाही, दुसऱ्यावरून घरात भांडण होईल. म्हणून सरासरीसोबत गुणांचं वितरण दाखवा, निदान प्रमाण विचलन तरी द्या. पाहुणा दिग्दर्शक कदाचित सरासरी हलवतच नसेल, प्रेक्षकांची फाळणी करत असेल. तोही निष्कर्षच आहे, आणि कदाचित जास्त रंजक.

कुणाची प्रतिक्रिया?

हा मुद्दा मला जवळचा आहे, कारण मी केळापूर तालुक्यातली. नागपूर–हैदराबाद महामार्गावरचं पांढरकवडा, पुढे पाटणबोरी आणि लगेच तेलंगणाची हद्द. ‘सीआयडी’ आमच्याकडे घराघरांत बघितली गेली. ‘दया, दरवाजा तोड दो’ म्हणत पोरं खोलीचं दार ढकलायची. पण या प्रेक्षकांचं मत कुठल्या आकड्यात सापडेल? टीआरपी सगळ्या देशाची म्हणून सांगितली जायची, पण ग्रामीण घरं त्या मोजणीत आली ती बार्कने २०१५ मध्ये सुरुवात केल्यावर. त्याआधी मोजणीची यंत्रं शहरांतल्या घरांत होती. २००४ चा तो १११ मिनिटांचा भाग आमच्या तालुक्यातल्या खेड्यांत कितीही बघितला गेला असला, तरी मोजणीत त्याचं वजन शून्य.

गुण देणाऱ्या संकेतस्थळांचंही तेच. तिथे मत नोंदवतो तो ज्याला खूप आवडलं किंवा खूप राग आला तो. ‘ठीक होतं’ म्हणून झोपायला गेलेला माणूस डेटामध्ये येतच नाही. म्हणून ‘प्रेक्षकांना वाटलं’ असं लिहिण्याआधी ‘कोणत्या प्रेक्षकांना’ हे लिहा. डेटा जिथून आला, निष्कर्ष तिथपर्यंतच न्यायचा.

हाच अभ्यास पांढरकवड्यात करायचा झाला तर

‘छोट्या गावात राहून असल्या विषयावर रिसर्च कसा करणार?’ असं अनेक जण विचारतात. माझं म्हणणं उलट आहे. या प्रश्नासाठी आमचं गाव सोयीचं आहे. दिग्दर्शकाचा परिणाम खरं तर दोन गोष्टींचा मिळून असतो : त्याच्या कामाचा आणि त्याच्या नावाचा. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला नाव आधीच माहीत होतं, त्यामुळे दोन्ही वेगळे काढणं अवघड. ज्यांना टॅरंटिनो कोण हे माहीतच नाही, अशा लोकांत ते वेगळे करता येतात.

आराखडा साधा आहे. सगळ्यांना एकच भाग दाखवायचा. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला आधी सांगायचं की हा भाग जगप्रसिद्ध सिनेमा दिग्दर्शकाने केलाय, दुसऱ्याला काहीच सांगायचं नाही. दोन्ही गटांच्या गुणांत फरक आला, तर तो नावाचा. कारण पडद्यावरचं काम दोघांनी तेच बघितलं. कामाचा परिणाम हवा असेल, तर मात्र नाव न सांगता पाहुण्याचा भाग आणि नेहमीचा भाग अशी दुसरी तुलना लागेल. एका प्रयोगाने दोन्ही उत्तरं मिळत नाहीत.

किती माणसं हवीत? १ ते ५ गुणांची पट्टी असेल, प्रमाण विचलन १ धरलं आणि अर्ध्या गुणाचा फरक पकडायचा असेल, तर नेहमीच्या निकषांनी (५ टक्के सार्थकता पातळी, ८० टक्के पॉवर) प्रत्येक गटात साधारण ६४ लोक लागतात. फरक पाव गुणाचा असेल, तर संख्या चौपट, म्हणजे गटामागे अडीचशेच्या वर. ‘३० घेतले की झालं’ हे कुठूनतरी ऐकलेलं वाक्य इथे चालत नाही.

बाकी काळजी अशी घ्या :

• गट वर्गानुसार किंवा गावानुसार पाडू नका. एक गट बीएससीचा आणि दुसरा बीएचा झाला, की नवा कन्फाउंडर आलाच.

• सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं तर एक हसला की दहा हसतात. मग ६४ मतं स्वतंत्र राहत नाहीत. एकेकट्याने बघण्याची सोय करा.

• आमच्याकडे घरात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा अशा भाषा बोलल्या जातात. डब केलेला भाग की उपशीर्षकांचा, ते आधी ठरवा आणि दोन्ही गटांना तोच दाखवा.

• आधी मोकळा प्रश्न, मग गुण. ‘दिग्दर्शन वेगळं वाटलं का?’ असं सुरुवातीलाच विचारलं, तर उत्तर तुम्हीच दिलंत.

• प्रश्नावली भरून घेणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला आहे हे कळू देऊ नका. आपल्याकडे ‘सरांना बरं वाटावं’ म्हणून चांगले गुण देणारे खूप.

• जिवंत पुरलेला माणूस बघणं कुणालाही त्रासाचं होऊ शकतं. आधी सांगा, संमती घ्या, मध्येच उठून जायची मुभा द्या. नैतिक समितीची मंजुरी आणि भाग दाखवायची परवानगी, दोन्ही आधी.

हे सगळं करूनही कदाचित दोन्ही गटांत फरक निघणारच नाही. घाबरू नका. नमुना पुरेसा होता आणि चिठ्ठ्या नीट टाकल्या होत्या, तर ‘अर्ध्या गुणाइतका फरक दिसला नाही’ हेही लिहिण्यासारखं आहे. फक्त ‘फरक नाहीच’ असं लिहू नका.

आता तुमचं काम. तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक काढा. त्यातल्या ‘परिणाम’ या शब्दाखाली रेघ मारा आणि चार खण आखा. जो खण रिकामा राहील, तिथून तुमच्या अभ्यासाची सुरुवात करा. अडलं तर खाली लिहा, मिळून बघू.