मोटारींत फोन चार्ज होत नाहीं, तेव्हां
हल्लीं कुटुंब प्रवासास निघालें म्हणजे फराळाच्या डब्यांबरोबर चार-पांच मोबाईल फोनही निघतात. वाटेचा नकाशा त्यांत, मुक्कामाची पावती त्यांत, वडील मंडळींच्या औषधांची यादी त्यांत, आणि रात्रीं घाटांत गाडी अडली तर ज्यांस हांक मारावयाची त्यांचे क्रमांकही त्यांतच. तेव्हां मोटारींत फोन चार्ज होत नाहीं, ही तक्रार क्षुल्लक म्हणतां येत नाहीं. अशा वेळीं पुष्कळ घरांत निकाल लागतो तो फोनच्या विरुद्ध: जुना झाला, आतां नवा घ्या! आमचा अभिप्राय असा कीं, ह्या खटल्यांत फोन बहुधा निर्दोष असतो, आणि नव्या फोनचा खर्च करण्यापूर्वीं पुरावा तपासण्यास अर्धा तास पुरतो.

पुढील आसनांजवळ जी गोल खोबण असते ती मुळांत फोनकरितां केलेलीच नव्हे. सिगारेट पेटविण्याचें तापणारें बटण तिच्यांत बसत असे. ज्या घरांत तंबाखूचें नांवही वर्ज्य, त्यांच्या मोटारींतही तें निमूटपणें बसलेलें असे. खोबणीच्या तळाशीं मधोमध धन टोंक आणि सभोंवतीं धातूची ऋण भिंत, अशी रचना आहे. चार्जरच्या शेंड्याची स्प्रिंगदार खुंटी तळास टेंकते आणि बाजूंच्या पट्ट्या भिंतीस चिकटतात. हा सांधा केवळ दाबानें टिकतो. त्यास मळसूत्र नाहीं कीं कडी नाहीं. आपल्याकडील रस्त्यांवर तो सैल न होईल तरच नवल. गाडी खड्ड्यांत आदळतांच चार्जिंगचें चिन्ह जात-येत असेल, तर चार्जर किंचित् फिरवून घट्ट दाबून बसवावा. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें.

न भागल्यास न्यायशास्त्रांतील अन्वय आणि व्यतिरेक कामास येतात. एक असतां दुसरें असतें, तें नसतां दुसरेंही नसतें, एवढेंच तें पाहणें. खोबण, चार्जर, केबल, फोन अशी ही सांखळी आहे. तींतील एका वेळीं एकच दुवा बदलावा. गाडींतील केबल घरीं आणून भिंतीवरील चार्जरला लावावी. फोन चार्ज झाला तर केबल व फोन दोन्ही सुटले. न झाला तर केबल तेवढी दुसरी घ्यावी. चार्जर, केबल सर्व एकदम बदलणारास यश आलें तरी कारण कळत नाहीं, आणि निकामी केबल पुन्हां कपाटांत जाऊन बसते. आमच्या पाहण्यांत बहुतेक दोष केबलचाच असतो. टोंकाजवळ मानेशीं ती वारंवार वांकते आणि आंतल्या आंत तुटते. वरून मात्र धडधाकट दिसते. फोनच्या छिद्रांत खिशांतील कापसाचे तंतू दडपून बसल्यानेंही केबल पुरती आंत जात नाहीं. फोन बंद करून ते लांकडी काडीनें हलकेच काढावे. टांचणी किंवा सुई घालूं नये.

दुसरी तक्रार अधिक चमत्कारिक: चिन्ह दिसतें, पण टक्के उलट उतरतात! येथें थोडें गणित करावें लागतें. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असतां दाब सुमारें १४ व्होल्ट. चार्जर तो उतरवून साधारणतः ५ व्होल्टवर आणतो. परंतु कित्येक गाड्यांतील अंगचें यूएसबी छिद्र मुख्यतः गाण्यांसाठीं दिलेलें असून त्यांतून अर्धा अँपिअरच मिळतो; ५ गुणिलें अर्धा, म्हणजे अडीच वॅट. नकाशा चालू, पडदा पूर्ण उजळलेला, मग उत्पन्नाहून खर्च जास्त! त्याऐवजीं गोल खोबणींत ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर बसविला तर १० वॅट मिळतात. हे आंकडे चार्जरवर बारीक अक्षरांत छापलेले असतात. चष्मा लावून वाचावे. शिवाय कांचेखालीं उन्हांत ठेवलेला फोन तापला म्हणजे बॅटरीच्या रक्षणार्थ स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवितो. त्यास सावलींत घ्यावें.

खोबण अगदींच निष्प्राण असेल तर आधीं किल्ली फिरविलेली आहे कीं नाहीं हें पाहावें, कारण कित्येक गाड्यांत त्यावांचून तिला वीज मिळत नाहीं. त्यानंतर फ्यूज. मुलांच्या हातून नाणें खोबणींत पडलें कीं धन व ऋण टोंकें जोडलीं जाऊन फ्यूज वितळतो. गाडी बंद करून, पुस्तिकेंत दाखविलेला फ्यूज आधीं काढावा, मगच नाणें काढावें. नवा फ्यूज त्याच आंकड्याचा घालावा. १५ चा गेला म्हणून ३० चा घालणारे, किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागविणारे हुशार गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. ह्यांस आम्ही हुशार म्हणतों तें केवळ सभ्यतेखातर. फ्यूज वितळतो तो तारा जळूं नयेत म्हणून; तो बळकट केला कीं जळण्याची पाळी तारांवर येते, आणि त्या तारा मुलेंबाळें बसलेल्या गाडीच्या अंगांतून गेलेल्या असतात. नवा फ्यूजही लागलाच गेला, तर तिसरा न घालतां गाडी विजेच्या कारागिराकडे न्यावी.

ज्यांच्या खोबणीस किल्लीवांचूनही वीज मिळते, त्यांनीं गाडी आठवडाभर उभी ठेवतांना चार्जर उपटून ठेवावा. तो ओढतो थोडेंच, पण म्हाताऱ्या बॅटरीस तेंही जड जातें.